तोंड मिटून बसलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. रुंद तोंडाचा, आट्यांच्या झाकणाचा. दिसायला अगदीच सामान्य. पण माझ्याइतकं तोंड घट्ट मिटून बसणं तुम्हाला काही जमायचं नाही!

जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला आणि नशिबाने मला मातीच्या प्रयोगशाळेत आणलं. मातीत मुळातच कणाकणाने युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम असतं. ते मोजणाऱ्या ताई जमिनीच्या वरच्या थरातली माती आणायच्या, वाळवायच्या, चाळायच्या आणि माझ्यात भरून झाकणाला चिकटपट्टी गुंडाळायच्या. त्यातल्या युरेनियमपासून मातीत सुटणारा किरणोत्सारी वायू महिनाभर आत कोंडला, तरच शिशाच्या जाड पेटीतलं यंत्र खरा आकडा सांगतं. वायू निसटला की आकडा खोटाच कमी येतो.

एकदा माझ्यात एका पाळणाघराच्या अंगणातली माती आली. त्या मातीत किरणोत्सारी विष आहे, अशी आवई शेजारच्या काकांनी उठवली होती. बघता बघता राईचा पर्वत झाला आणि आयांनी मुलं पाठवणं बंद केलं. पाळणाघर चालवणाऱ्या मावशींचा जीव टांगणीला लागला. एके दिवशी त्या चौकशीला आल्या, तेव्हा ताई हात धुवायला गेल्या होत्या. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या कळवळल्या.

"अगं बाई, केवढं आवळून ठेवलंय! आतल्या आत कुबट होईल ना माती!"

असं म्हणत त्यांनी पट्टी सोडवून माझं झाकण सैल केलं. जन्मभर लेकरांच्या गळ्याची बटणं सैल करणारे हात ते! मी मनातल्या मनात ओरडलो. पण डब्याचं कोण ऐकतंय?

ताई परतल्या आणि कपाळाला हात लावून बसल्या. "मावशी, वायू गेला की हो! आता परत महिनाभर थांबावं लागेल."

मावशींचा चेहरा पडला. "एकच पोर येतंय आता. तेही गेलं तर कुलूप लावायची वेळ येईल. आत्ताच मोजा ना! कमी येईल म्हणता, मग बरंच की!"

"कमी येईल, पण खरं येणार नाही. उद्या दुसऱ्या कुणी मोजलं, तर तुमच्यावर कोण विश्वास ठेवील?"

मग नव्या पट्टीचं टोक मावशींनीच नखाने सोडवून दिलं. "गुंडाळा. चांगलं आवळून गुंडाळा."

तो महिना मला फार जड गेला. आकडा आला, तेव्हा मावशींनी भीत भीत विचारलं, "शून्य आलं ना?"

"शून्य कुठेच येत नसतं, मावशी. माझ्या अंगणातही नाही. तुमची माती चारचौघींसारखीच आहे."

मावशी तिथेच रडल्या. "मग माझी माती मला परत द्या," म्हणाल्या. माझ्या काठाला चीर गेली होती, म्हणून ताईंनी ती माझ्यासकट दिली.

मुलं हळूहळू परत आली. शेजारचे काका मात्र सगळ्यांत शेवटी आले. नातीचं बोट धरून फाटकातच घुटमळत राहिले.

"आत या," मावशी म्हणाल्या, "आणि तिचं बोट सोडा. खेळू दे मातीत."

मित्रांनो, आता मी याच अंगणात असतो. कुणी मला लाथाडतं, कुणी उन्हात विसरून जातं. मला जरा सांभाळा, एवढंच मागणं आहे. आणि कुणाच्या मातीला नाव ठेवावंसं वाटलं, तर आधी महिनाभर माझ्यासारखं तोंड मिटून बसा.