दर बारीला चारात एक

“आक्का, छप्पन साली आपल्या आज्यानं दीक्षा घेऊन पत्रिका सोडली. आता तू कार्डाची पत्रिका काढून राहिली व्हय?” निवृत्तीने दोन पिवळी कार्डं थोरल्या बहिणीच्या टेबलावर टाकली.

एक त्याच्या मुलीचं, धम्मप्रियाचं. दुसरं मुदखेडच्या आदर्शचं, तिच्याशी लग्न ठरलेल्या मुलाचं. उमरीच्या दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करणं हे सुमनबाईंचं काम. पिवळं कार्ड म्हणजे दोष रक्तात लपलेला, माणूस ठणठणीत. लाल म्हणजे आजार.

सुमनबाईंनी ड्रॉवरमधून तुरीचे दाणे काढले, लाल आणि पांढरे.

“हे बघ. परतेक माणसात दोन दाणे, लाल म्हंजे दोष. एक आईचा, एक बापाचा. ह्या दोघांकडं एकेक लाल हाय. दोघांचाबी लालच आला की लेकरू आजारी. चारात एक.”

“चारात एक ना? मग आम्ही दोनच करू की!”

“दर बारीला चारात एक, येड्या! ते का नंबर लावून येतेत?”

“पोरगा मास्तर हाय, हुंडा मागत न्हाई. तुरीपायी सोयरीक मोडू?”

दाराशी उभी धम्मप्रिया दाण्यांकडे बघत होती.

लग्न झालं. सुमनबाई हळदीपासून हजर होत्या. सख्खी भाची, न जाऊन करणार काय?

दोन वर्षांनी शाळांची तपासणी झाली. पाचशे मुलं, सगळी सुमनबाईंच्या अठरा वर्षांच्या नोकरीत जन्मलेली. नव्वद पिवळी, पाच लाल. लातूरच्या प्रशिक्षणात मिळालेली पुस्तिका वाचून वाचून फाटली होती. ती पुढ्यात घेऊन त्या हिशेबाला बसल्या. पाचशे मुलांचे हजार दाणे. पिवळ्यांचे नव्वद, लालवाल्यांचे दहा, म्हणजे शंभर दाणे लाल. दहात एक. कुणीच कार्ड न बघता लग्नं लावली, तर दोन्ही लाल जुळणार दहातल्या एकाचा दहावा हिस्सा. शंभरात एक. पाचशेत पाच.

आणि पाचच होती. म्हणजे अठरा वर्षांत कार्ड बघून कुणी लग्न ठरवलंच नव्हतं. पिवळ्या-पिवळ्यांतली लग्नं टळली असती, तर एकही लाल नसतं.

चुकलं असेल म्हणून त्यांनी तीनदा केलं. जन्मात पहिल्यांदा त्यांचं गणित बरोबर आलं होतं.

त्याच दुपारी धम्मप्रिया नऊ महिन्यांचा मुलगा घेऊन आली. हातापायाची बोटं टम्म सुजलेली, रडून रडून आवाज बसलेला. मागे निवृत्ती, दुपट्याची पिशवी धरून.

“आक्का, समज हेच निघालं आजारी, तर चारातला एक होऊन गेला. मग पुढची तीन तरी...”

“बाबा, गप बसा,” धम्मप्रिया म्हणाली. “दर बारीला चारात एक. मला तव्हाच कळलं होतं.”

सुमनबाईंनी मान वर केली. “मग बोलली का न्हाईस गं?”

“तुम्ही दोघं भांडून राहिला होता, आत्या. मला कुणी इचारलंच न्हाई.”

अठरा वर्षं सुमनबाई ते दाणे बापांपुढेच मांडत आल्या होत्या.

त्यांनी बाळाची मूठ हलकेच उघडली आणि रक्तासाठी टोचायला त्यातल्या त्यात कमी सुजलेलं बोट शोधू लागल्या.