अडेनियमवरची दया

कुंडीत बोट घातलं, ते दुसऱ्या पेरापर्यंत चिखलात गेलं आणि माझं टाळकंच सरकलं. लेकीच्या बाळंतपणासाठी मी तीन आठवडे बाहेर होते. जाताना अडेनियमच्या कुंडीला चिठ्ठी चिकटवली होती, ठळक अक्षरांत: पाणी घालू नये. थंडीत ते पानं गाळून झोपतं, लागेल तेवढं पाणी बुडातल्या फुगीर गाठीत साठवून ठेवतं, हे घरातल्या प्रत्येकाला मी दहादा तरी सांगितलं असेल. अकरा वर्षांपूर्वी बी पेरून वाढवलेलं झाड! दर उन्हाळ्यात गुलाबी फुलांनी नुसतं लगडायचं.

गाठ दाबून पाहिली. उतरलेल्या पपईसारखी मऊ लागली.

"कुणी घातलं पाणी?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"एकदाच घातलं गं," नवरा म्हणाला. "पार खराटा झाला होता त्याचा."

"मीही घातलं थोडं," सासूबाई म्हणाल्या. "मुका जीव तो. मला राहवेना."

धाकटे दीर रोज सकाळी तांब्याभर ओतत होते. "मला वाटलं वहिनी, तुम्ही नाही तर त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही." मुलाने तर मोबाइलवर काहीतरी बघून साखरेचं पाणी घातलं होतं.

"चिठ्ठी वाचली नाहीत?"

"वाचली की," नवरा म्हणाला. "पण तू आपली सगळ्यातच जरा कडक."

कडक म्हणे! मोजे कुठे ठेवलेस, हे विचारायला दिवसातून तीनदा फोन येत होता. झाडाचं विचारायला मात्र एकाचंही बोट नंबरावर गेलं नाही.

सुरी घेऊन मी कापत गेले. आत तपकिरी, त्याच्या वरही तपकिरी. पांढरा गर लागला तो थेट शेंड्याच्या एका फांदीत. सावलीत सुकवून लावली तर ती जगेल, पण तसं बूड काही पुन्हा धरायचं नाही. मला रडू आलं, तेही रागाचंच.

चीक विषारी असतो म्हणून साबणाने हात धुऊन आले, तरी चौघं तिथेच बसलेले.

"झाडाला चौघांनी पाणी पाजलंत. मी येऊन तास झाला, माझी बॅग अजून दारात आहे. मला कुणी विचारलंत, पाणी हवंय का?"

चौघंही एकदम उठले. कुणी कुणाला काही विचारलं नाही, मलाही नाही. चार पेले भरून आले.