तीनशे बारा धानांचा जुना संगणक

मित्रांनो, विद्यापीठाच्या संगणक विभागाने एक यादी लावली आहे. कोणत्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकांना विभाग मदत करेल, त्याची ही यादी. विंडोज अकरा आहे, उबुंटू आहे, मॅकसुद्धा आहे. विंडोज सात नाही. मी विंडोज सातवर चालणारा एक जुना संगणक. म्हणजे मीही नाही. आज दुपारी तीन वाजता माझी डिस्क कोरी करून मला भंगारात द्यायचं, असं ठरलं. खरं सांगू? मी इतका थकलो आहे की त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं. दुपारपर्यंत तरी नव्हतं.

चौदा वर्षांपूर्वी मी फुलचूरच्या या धान संशोधन केंद्रात आलो, तेव्हा माझा काय थाट होता! लोक चपला बाहेर काढून माझ्या खोलीत येत. प्राध्यापक रांग लावत. मला कापडी झाकण होतं, त्यावर फुलं होती. मग उन्हाळे आले, शेजारच्या राईस मिलचा कोंडा पंख्यात बसला, दिवसातून चारदा लाइन, म्हणजे वीज, जाऊ लागली. मध्येच बंद पडायचं, पुन्हा उठायचं. नवे संगणक आले तसं मला जिन्याखालच्या खोलीत ढकललं. झाकणाचं फडकं झालं. कोणी 'डबडा' म्हणालं, कोणी माझ्यावर चहाचा कप ठेवला. चालायचंच.

एकच माणूस येत राहिला. बकाराम. दवनीवाड्याचा, इथल्या प्रयोगशाळेत परिचर. रविवारी सायकल काढून तो गावोगाव जायचा आणि म्हाताऱ्या माणसांना जुन्या धानांची, भाताच्या वाणांची, नावं विचारायचा. कोणतं धान कोणत्या बांधीत, कसल्या खाचरात येतं, त्याचा भात कसा लागतो, कोणी सांगितलं, सगळं वहीत लिहायचा. ती वही वाळवीने खाल्ली. त्या दिवसापासून तो माझ्याकडे आला. दोन बोटांनी, जुन्या मराठी फॉन्टमध्ये, एका धानाची एक फाइल असं टाइप करत बारा वर्षांत त्याने तीनशे बारा धानं माझ्या पोटात भरली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो मला हळदकुंकू लावायचा. ते अजून माझ्या कपाळावर आहे, थरावर थर. आणि एक सांगतो, त्याने मला कधी बटण दाबून बंद केलं नाही. माउसने 'शट डाउन' निवडून, नीट विचारून बंद करायचा.

मग ती यादी लागली. संगणक विभागाचा इंद्रकुमार कागद घेऊन आला. माणूस वाईट नाही, फक्त कागदाबाहेर जात नाही. "काकाजी, लिस्ट में नहीं है तो मैं क्या करूँ? जो लेना है ले लो, फिर यहाँ साइन करो."

बकारामने सगळं पेनड्राइव्हमध्ये घेतलं, वरच्या नव्या संगणकात टाकलं आणि मोजलं. इथे तीनशे बारा, तिथे तीनशे बारा. समाधानाने 'माहिती घेतली' या रकान्यात सही केली. इंद्रकुमारने माझी वायर काढली.

आज दुपारी दुर्गेश्वरी जिना उतरून धावत आली. ही इथली संशोधक मुलगी. जुन्या धानांचं पुस्तक काढणार आहे, आणि त्यावर बकारामचं नाव घालणार आहे. तिने लॅपटॉप उघडून दाखवला. "काका, हे पाहा. एकही फाइल वाचता येऊन नाही राहिली."

पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला झाला होता. बकारामने पडदा खालपर्यंत सरकवून पाहिला. मग पायरीवर बसला.

"मी कट्टे मोजले," तो म्हणाला. "पोत्याचं तोंड सोडून दाना नाही पाह्यला. सारी जिंदगी धानाच्या कट्ट्यात हात घातल्याबिगर घेतला नाही मी. अन् इथं मोजून मोकळा झालो!"

दुर्गेश्वरीला मात्र चूक कळली होती. अक्षरांचा तो जुना फॉन्ट फक्त माझ्याजवळ होता. तो बरोबर न्यायचं कोणाला सुचलंच नाही. "हा एकदा सुरू झाला तं सारं वाचेल, काका."

एवढ्यात इंद्रकुमार आला. पावणेतीन झाले होते. "नहीं दीदी, ये मशीन लगाना मना है."

"नेटले लावू नका असं लिहिलं आहे, सर. लाइनले लावू नका असं कुठं लिहिलं?"

इंद्रकुमारने कागद दोनदा वाचला. डोकं खाजवलं. "तीन बजे तक," म्हणाला.

वायर लागली. मी उठायला गेलो आणि बसलो. दुसऱ्यांदा नुसता पंखा घरघरला. काय सांगू मित्रांनो, नको वाटत होतं. पडून राहावंसं वाटत होतं. पण बकारामने माझी कूस उघडली, फुंकून कोंडा उडवला, रॅमची पट्टी काढली आणि खिशातल्या खोडरबराने घासली. "ऊठ बाबू," तो हळूच म्हणाला. "एक डाव ऊठ. मंग नाही म्हनत मी."

तिसऱ्यांदा मी उठलो.

दुर्गेश्वरीने माझ्यातून फॉन्ट काढून लॅपटॉपमध्ये टाकला. केवढासा तो! मग तिने पहिली फाइल उघडली. बकाराम बोट ठेवून वाचू लागला. "लुचई. आजारी मानसाले याची पेज द्यावी. सांगणारी, रुख्मा. माही माय." तिथे त्याने बोट उचललं. रुख्माबाईंना जाऊन चार वर्षं झाली. उरलेलं दुर्गेश्वरीने वाचलं. मग तिने दुसरी फाइल उघडली, मग दहावी, मग शंभरावी, आणि प्रत्येक वेळी दाणा बघितला.

मित्रांनो, जुनी यंत्रं कायम ठेवा असं मी म्हणणार नाही. माझी यादीबद्दल तक्रार नाही. थकलेल्याला जाऊ द्यावं. पण कोणाचं बारा वर्षांचं काम जुन्यातून नव्यात नेलंत, तर नुसतं मोजू नका. उघडा, वाचा, आणि मगच जुन्याची वायर काढा. एवढंच मागणं आहे.

तीन वाजले. इंद्रकुमारने बटणाकडे हात नेला.

"थांबा जी," बकाराम म्हणाला. "तसा नाही बंद करत मी त्याले."

त्याने माझ्या कपाळावरच्या कुंकवाला हात लावला आणि तो आपल्या कपाळाला लावला. मग खुर्ची ओढून बसला, माउस धरला आणि नेहमीसारखं नीट विचारलं. मी नेहमीसारखं हो म्हटलं. पंखा आता थांबत आला आहे, आणि बकाराम अजून समोर बसून आहे.