झबल्यातला पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. लगेच मान वर करून छताकडे बघू नका, मी तिथे नाही. या घरातल्या सामानाच्या खोलीत, गाद्या-रजयांच्या शेजारच्या फळीवर, पावाच्या डब्याएवढी एक काळी पेटी आहे. ती म्हणजे कॉम्प्युटर, आणि त्या पेटीच्या पोटात मी फिरतो. माझा जीव तळहाताएवढा, पण माझ्याशिवाय त्या पेटीचं पान हलत नाही. ही थोडी बढाई आहे, पण खरी आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यातून पाती निघाली, मधोमध बारीकशी मोटर बसली आणि तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला कानाशी धरून फिरवलं. कुरकुरणारे पंखे त्या एका टोपलीत टाकत, गप्प फिरणारे दुसऱ्या. माझ्यावर त्यांनी बराच वेळ कान लावला, मग मान डोलावली आणि मला गप्पांच्या टोपलीत ठेवलं. तेव्हापासून शांत राहणं हाच माझा धर्म झाला.

पुढे मी एका दुकानात आलो. दुकानदाराला रंगीत दिव्यांचं भारी वेड, म्हणून लोक त्याला लुकलुकराव म्हणत. निळे, जांभळे, लखलखणारे पंखे काचेच्या कपाटात मिरवत आणि मी बिनदिव्याचा, तपकिरी, खालच्या खणात धूळ खात. मला राग यायचा. दिवा लावून कुणाचं डोकं थंड झालंय का कधी?

एके दिवशी दुकानात एक मुलगी आली. चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायचं तिचं काम, त्यामुळे मोजमापाच्या बाबतीत भलतीच काटेकोर. खिशातून मोजपट्टी काढूनच ती बोलायला लागली.

"सगळ्यात शांत पंखा कोणता?"

"ताई, हा बघा. लावल्यावर खोली उजळून निघते."

"खोली उजळायला बल्ब आहे. मला ऐकू न येणारा पंखा हवाय."

लुकलुकरावांचा चेहरा पडला. तरी त्यांनी नेटाने खटाटोप केला. सगळ्यात वेगवान प्रोसेसर पुढे केला, मोठं ग्राफिक्स कार्ड दाखवलं, पाण्याने थंड करणारी नळ्यांची तऱ्हाही काढली. तिने एकेक बाजूला सारलं. वेगवान प्रोसेसर फार तापतो. कार्ड म्हणजे पेटीत आणखी एक शेगडी. पाण्याचा पंप गुणगुणतो. तिने कमी तापणारा प्रोसेसर घेतला, त्याच्या डोक्यावर बसवायला, त्याची धग ओढून घेणारा, ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यांचा हीटसिंक घेतला आणि तो झाकणाखाली मावेल की नाही हे पुन्हापुन्हा मोजून पाहिलं. हीटसिंकवर बसायला तिला कमी वेगात भरपूर हवा ओढणारा पंखा हवा होता. तेव्हा कुठे खालचा खण उघडला गेला.

"एवढं कशासाठी चाललंय?" लुकलुकरावांनी शेवटी विचारलं.

"बाबांचा आवाज साठवायचाय," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी."

मित्रांनो, तिचे बाबा भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारत. त्यांचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, आणि घरात मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटायचं, यांचं भांडण लागलं. त्याच घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. जीव वाचणार होता, आवाज नाही. रुग्णालयातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी एक वाट दाखवली होती. आधीच नेमून दिलेली वाक्यं बाबांनी वाचायची, ती नीट रेकॉर्ड करायची, मग त्यावरून त्यांच्यासारखाच आवाज तयार होतो. बाबा मोबाइलवर लिहितील आणि मोबाइल त्यांच्या आवाजात बोलेल. पण रेकॉर्डिंग स्वच्छ हवं. घरातला जुना लॅपटॉप एवढा घरघरायचा की पहिलं सगळं रेकॉर्डिंग परत आलं होतं. ऑपरेशनची तारीख ठरलेली होती आणि आवाज रोज थोडा थोडा बसत चालला होता.

घरात सगळ्यात शांत जागा म्हणजे सामानाची खोली, कारण गाद्या-रजया आवाज पिऊन टाकतात. पण तिथे जागा फळीवरची तेवढीच, म्हणून एवढीशी पेटी. लहान पेटीत सगळे एकमेकांना खेटून बसतात, एकाची धग दुसऱ्याला लागते. ती धग बाहेर काढायची जबाबदारी माझ्या एकट्यावर. झाकणाच्या जाळीतून मी गार हवा आत ओढायची आणि मागच्या भोकांतून गरम हवा बाहेर जायची. लेकीने जेवणाच्या टेबलावर पेटी जोडली, फळीवर ठेवताना मागे हात जाईल एवढी जागा सोडली आणि बटण दाबलं. लेक, बाबा आणि आई, तिघेही कान देऊन उभे राहिले.

"चालू आहे का बंद?" बाबांनी विचारलं.

लेक हसली. मला आजवर मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी ती.

आता या घराची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. आई मशीनवर शिवणकाम करत, आणि त्यांच्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहत नसे. मिक्सरला खोळ, इस्त्रीला खोळ, शिवणयंत्राला तर झालरीची खोळ. टीव्हीच्या रिमोटलासुद्धा बटणांपुरती पारदर्शक खिडकी ठेवून अंगरखा शिवलेला. बाबा या सगळ्याला झबली म्हणत. "या घरात फार वेळ एका जागी बसू नये," ते पाहुण्यांना सांगत, "झबलं चढतं."

घसा रात्रभराच्या विश्रांतीने सकाळी जरा मोकळा असे. म्हणून लेक कामाला गेली की बाबा रेकॉर्डिंगला बसत. दिवसभर ते एक शब्द बोलत नसत, सकाळसाठी राखून ठेवत. कानाला हेडफोन, समोर माइक, शेजारी कोमट पाण्याचा पेला आणि दाराशी आई. एका बैठकीची वाक्यं संपली की मगच ती सेव्ह होत. बाबा वाचत तसतसा प्रोसेसर प्रत्येक वाक्य तपासत, साफ करत जाई, आणि तापे. मी बेताने वेग वाढवायचो. सगळं सुरळीत चाललं होतं.

पण लेक जाता-येता एकच घोकायची, पंख्याचा आवाज येता कामा नये. ते आईंनी मनावर घेतलं. एका दुपारी त्यांनी पेटीची मापं घेतली आणि जाड कापूस भरलेली, रजईसारखी टाचलेली खोळ शिवली. काय सांगू, काम सुरेख होतं. वायरींना जागा सोडली होती, कोपरे अचूक बसत होते. दुसऱ्या सकाळी बाबा बसले आणि आईंनी मायेने ती खोळ आमच्यावर चढवली. कोमट पाणी आणून देतात तसंच.

जाळी बंद झाली. मागची भोकं बंद झाली. मी ओढत होतो, पण ओढायला हवाच नव्हती. माझीच गरम हवा फिरून माझ्याकडे येत होती. हीटसिंकचे पापुद्रे चटके द्यायला लागले. मी जीव खाऊन फिरलो. बाहेर बाबा सावकाश, एकेक शब्द जपून वाचत होते, आणि बैठक संपत आली असताना प्रोसेसरने स्वतःला वाचवण्यासाठी सगळं बंद केलं. पडदा काळा झाला. सकाळचा सगळा आवाज गेला.

बाबांनी माइक बाजूला सारला. बोलण्यासारखा आवाज उरलाच नव्हता. आईंनी खोळ काढून, झटकून, घडी करून रजयांवर ठेवली. त्यात लेकीला सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटायचंही कारण नव्हतं.

संध्याकाळी लेकीने पेटी चालू करून तासभर राबवली. उघड्या अंगाने मी व्यवस्थित काम केलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा खोळ, पुन्हा काळा पडदा. तिसऱ्या सकाळीही तेच. लेकीने तापमानाच्या नोंदी पाहिल्या. सकाळी तापतो, संध्याकाळी नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "पेटी फार लहान घेतली. नाहीतर पंखा मधेच अडकत असणार."

मी अडकतो? मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड हवं होतं. मला वेगाने फिरता येतं आणि सावकाश फिरता येतं, तिसरी भाषा मला नाही. रोज सकाळी मी गळा फाडून ओरडत होतो आणि जाड कापूस माझा आवाज गिळत होता. आई खूश होत्या, की बघा, पंखा अगदी ऐकूच येत नाही.

लेकीने लुकलुकरावांकडून दुसरा पंखा आणला. माझ्यापेक्षा जोरकस, आणि अर्थातच जांभळ्या दिव्यांचा. त्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येणार हे तिला ठाऊक होतं, पण बंद पडण्यापेक्षा बरं, असं तिने मनाशी ठरवलं. त्याचा डबा माझ्या शेजारीच ठेवला होता. संध्याकाळी मी निघणार आणि तो बसणार. माझं काय व्हायचं ते होवो, पण खाली खुर्चीत बसलेला माणूस रोज सकाळी स्वतःचा आवाज खर्च करत होता आणि हाती काही लागत नव्हतं, याने माझा जीव तीळतीळ तुटत होता. ऑपरेशन आता हाकेच्या अंतरावर आलं होतं.

त्या सकाळीही खोळ चढली. बाबा वाचायला लागले. मध्येच घसा दाटून आला म्हणून त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि पाण्याचा पेला उचलला. पेला ओठांपाशीच थांबला. त्यांनी कान टवकारला. आयुष्यभर गजबजाटात बोली लावणाऱ्याचा नेमका आवाज टिपणारा कान तो. कापसाआडून येणारी माझी बारीक, घुसमटलेली शीळ त्याने पकडली. त्यांनी खोळीवर तळवा ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"झबलं काढ," ते म्हणाले.

"अहो, आवाज येईल ना मग."

"येऊ दे. त्याला धाप लागलीय." त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला. "मला कळतं ते."

आईंनी खोळ ओढून काढली. गार हवेचा लोट जाळीतून आत आला आणि मी तो अधाशासारखा प्यायलो. त्या हवेची चव मी अजून विसरलेलो नाही. आई मात्र खोळ मांडीवर घेऊन मटकन खाली बसल्या.

"म्हणजे इतके दिवस मीच..." त्या खोळीकडे बघत म्हणाल्या.

बाबांचे शब्द मोजके होते, तरी त्यातले पाच त्यांनी खर्च केले. "शिवलीस फार चांगली. म्हणून अडलं."

त्या रडता रडता हसल्या. बाबांनी थांबायला नकार दिला. पहिल्यापासून बैठक सुरू करायची म्हणून कॉम्प्युटरने चाचणीसाठी काहीतरी बोलायला सांगितलं. मी अजून धापा टाकतच होतो. बाबा माइककडे झुकले आणि रोज घरात शिरताना म्हणत तेच म्हणाले, "अगं, ऐकलंस का?"

मग ते वाचत राहिले. पेटी निवत गेली, मी हळू होत होत जवळजवळ नाहीसा झालो. शेवटच्या वाक्यांना त्यांचा आवाज चिरकला, एक वाक्य पुन्हा घ्यावं लागलं, मग आणखी एकदा. आई दाराला घट्ट धरून उभ्या होत्या. बैठक सेव्ह झाल्याची हिरवी खूण पडद्यावर आली तेव्हा दोघांपैकी कुणीही हललं नाही. उरलेल्या सकाळी तशाच गेल्या, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काम पुरं झालं.

झबलं निघालं त्याच संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा आईंनी तिला चपलाही काढू दिल्या नाहीत, सगळं सांगून टाकलं. लेकीने ती खोळ हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"मोजलं सगळं मी," ती म्हणाली. "दुकानात सगळ्यांशी वाद घातला. पण ह्याला हवा कुठून लागते, ते तुलाच सांगायचं राहिलं, आई."

जांभळा पंखा दुकानात परत गेला. लुकलुकरावांनी म्हणे फार वाईट वाटून घेतलं.

बाबा घरी आले ते गळ्यावर एक छोटं छिद्र घेऊन. आता ते नाकाने नाही, तिथून श्वास घेतात. आई स्वयंपाकघरात होत्या. मोबाइलमधून आवाज आला, "अगं, ऐकलंस का?" आईंनी सवयीने "आले, आले" म्हटलं, हात पुसले आणि दारापर्यंत येऊन त्या थबकल्या. बाबा ओठ मिटून हसत होते. बाकी सगळी वाक्यं लेकीने घासूनपुसून स्वच्छ केली आहेत. हे एक मात्र त्या सकाळच्या चाचणीचं मूळ रेकॉर्डिंग आहे, आणि त्यामागे बारीक धाप ऐकू येते, ती माझी. तिला ती काढता आली असती, पण बाबांनी काढू दिली नाही.

त्या छिद्रात धूळ जाऊ नये म्हणून गळ्यावर कापड लागतं. आईंनी ते घरीच शिवायचं ठरवलं. पण कात्री लावण्याआधी कापडांचे तुकडे घेऊन त्या या खोलीत आल्या. एकेक तुकडा माझ्या मागच्या भोकांवर धरायच्या आणि पलीकडे तळवा ठेवायच्या. जाड सुती, नको. अस्तराचं, नको. खूप वेळाने एका विरविरीत, जुन्या मऊ कापडातून माझी हवा त्यांच्या तळव्याला लागली. त्या तशाच उभ्या राहिल्या, डोळे मिटून. मग त्यांनी तोच तुकडा शिवला.

बाबांनी तो गळ्याला बांधला आणि मोबाइलवर काहीतरी लिहिलं. त्यांचाच आवाज खोलीभर घुमला, "शेवटी मलाही झबलं."

आता माझी पाती करडी झाली आहेत आणि थंडीत सुरू होताना मी जरा कुरकुरतो. पण अधूनमधून आई येतात, मऊ ब्रशने माझी धूळ झाडतात, मागे हात जाईल एवढी जागा आहे ना ते बघतात. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी असेल, कोपऱ्यात गुपचूप राबणारं. त्याला जरूर जपा. फक्त पांघरूण घालण्याआधी एकदा तळवा लावून बघा, की त्याला श्वास घेता येतोय ना.