तुरुंगातलं गवत

सम्राटांनी राज्याची अशी घडी बसवली की तुरुंगांच्या अंगणात गवत उगवायला लागलं. गवत आहे म्हणजे कुणाची ये-जा नाही, ये-जा नाही म्हणजे कैदी नाहीत, आणि कैदी नाहीत म्हणजे सुवर्णयुग. राजधानीच्या तुरुंगातल्या झाडावर तर शकुनाच्या काळ्या-पांढऱ्या पाखरांनी घरटं बांधलं म्हणे. ते ऐकून आमच्या दंडाधिकारी दौ साहेबांनीही एक घरटं मागवलं. शिडी लावून ते मीच झाडावर बांधलं. मी इथला तुरुंगरक्षक, कू. गवताला पाणीही मीच घालतो.

अडचण एवढीच, की आत एक कैदी होता. म्हातारा चू, लोकर कुटून नमदे, म्हणजे जाड बैठका, बनवणारा. सरकारी रस्त्याकडेचं नासपतीचं झाड त्याने सरपणासाठी तोडलं होतं. पूर्वी फटके खाऊन संध्याकाळी घरी गेला असता. पण सुधारणा झाल्या. पाठीवर फटके बंद, आणि वरून मंजुरी आल्याशिवाय शिक्षा नाही, सुटकाही नाही. मंजुरीची वाट बघण्यात दोन हिवाळे गेले.

"उद्या राजधानीहून निरीक्षक येतायत," रिवाजाप्रमाणे चहात मीठ टाकत दौ साहेब म्हणाले. "कोठडी रिकामी पाहिजे."

"सोडून देऊ, साहेब?"

"हुकमाशिवाय? माझं डोकं मला जड झालंय का?" त्यांनी चहा ढवळला. "मागची विहीर खोल आहे ना रे?"

"आहे, साहेब."

"मग मला काय विचारतोस?"

मी विहिरीपर्यंत गेलो. दया आली असं म्हणवत नाही. झाकण उचलायला हातच उठेनात. परत येऊन चूला म्हणालो, "काका, उद्या खोकायचं नाही."

"सुवर्णयुग आहे म्हणून?"

"जीव आहे म्हणून."

निरीक्षक दुपारी आले. घरटं पाहून खूश झाले, गवत पाहून आणखी खूश. मग अचानक खाली वाकले. फाटकापासून तिसऱ्या कोठडीपर्यंत गवतात एक पायवाट पडली होती. रोज पेज नेऊन नेऊन मीच पाडलेली. दौ साहेबांनी वाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग विहिरीकडे.

"इथून कोण जातं?"

"मी, साहेब. पाखरांना दाणे घालायला."

"घरटं तर त्या कोपऱ्यात आहे."

तेवढ्यात चू खोकला. एकदाच, पण जन्मभर लोकरीची धूळ खाल्लेल्या छातीतून.

निरीक्षकांचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला होता.

"हा प्रांत रिकामा आहे असं मी आधीच वर कळवलंय," ते पुटपुटले. "त्याबद्दल राजवाड्यात मेजवानी आहे." मग घसा साफ करून दौ साहेबांना म्हणाले, "तुमच्याकडे पाखरं खोकतात का हो?"

"आमच्याकडची खोकतात," दौ साहेब म्हणाले.

"जपा त्या पाखराला. मेलं तर अपशकुन होईल, आणि तो तुमच्या नावावर लागेल."

ते गेल्यावर दौ साहेबांनी विहिरीला कुलूप घालायला सांगितलं.

"मग मी जाऊ घरी?" चूने विचारलं.

"शेजारी विचारतील, कुणी सोडलं. काय सांगणार? आत कुणी नव्हतंच, काका."

त्याने वाडगा पुढे केला.

आता पेज नेताना मी रोज वेगळ्या बाजूने जातो, टाचा उचलून. मागे वळून पाहतो, आणि वाकलेलं गवत हाताने उभं करतो.