पवनचक्की फिरली तरच

माझा दोस्त मल्लिनाथ, त्याच्या मुलानं आणून दिलेल्या युद्धाच्या पटावरच्या खेळात विमानांचे नियम पानंच्या पानं होते, तेही इंग्रजीत. मी आणि मल्लिनाथनं ते डब्यात परत कोंबले आणि घरचे नियम केले. समोरच्या टेकडीवरची पवनचक्की फिरत असेल तरच विमान उडवायचं. उडवणाऱ्यानं टेकडीकडं पाठ करून बसायचं. चक्की फिरते की नाही, ते ज्याच्यावर बॉम्ब पडणार त्यानंच सांगायचं. असला येडपट नियम अख्ख्या भूम तालुक्यात आम्हालाच सुचावा! पण इतक्या वर्षांत दोघंही कधी खोटं बोललो नाही.

त्या दुपारी माझ्या गच्चीवरच्या खोलीत शेवटचा डाव चालला होता. दुसऱ्या दिवशी मल्लिनाथ कायमचा नागपूरला, मुलाकडं निघाला होता. माझा एकच किल्ला उरला होता आणि तो पाडायला एक विमान पुरे होतं.

"मकबूल, डाव अर्धा राहिला तर मला परत यावंच लागंल बघ," तो हसत म्हणाला.

मला रागच आला. निघालाय तर निघावं गुमान, वर हे असलं कशाला बोलायचं?

वारा पडला होता. खिडकीतून बघता बघता माझे डोळे जड झाले. वाटलं, आमची पुठ्ठ्याची विमानं ईट गावावरून, सोनारीच्या देवळावरून संथ निघालीत. ज्वारी काढणारी माणसं वर बघतायत आणि कुणावर काहीच पडत नाही. ही दुपार संपूच नये असं वाटत होतं.

मग चक्कीची पाती हलली. आधी हळू, मग चांगली गरगर.

"फिरती का रं?" मल्लिनाथनं मागं न बघता विचारलं.

नाही म्हणणं किती सोपं होतं!

"फिरतीय," मी म्हणालो आणि माझे डोळे भरून आले.

त्यानं विमान उचललं, किल्ल्यावर आणलं, उलटंपालटं करून बघितलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं.

"पंखा बिघडलाय ह्याचा. नागपूरला दुरुस्तीला न्यावं लागंल."

"असा नियम कुठाय आपल्यात?"

"आजपास्नं हाय. नीट झालं की घिऊन येतो. तवर किल्ल्याला हात लावू नको."

पट अजून तसाच मांडलेला आहे. सून तबस्सुम झाडू घेऊन आली की मी तिच्यावर ओरडतो.

काल त्याचा फोन आला. "फिरती का रं?" एवढंच विचारलं.

मी खिडकीतून बघितलं. चक्की गपगार उभी होती.

"फिरतीय," मी म्हणालो. "लई जोरात. ये लवकर."