रविवारचं वरण

रामगोंडा अण्णांच्या रानाला कुणी क्षारपड म्हटलं की अण्णा उसळत. ऊस पिकवून बक्षीस मिळवलेली जमीन ती. तिच्यावर मिठाची पांढरी फूट आली, तरी ते म्हणत, "दहिवर हाय."

"मे महिन्यात?" त्यांची बायको गुणमाला विचारायची.

आज ब्राह्मी तिसऱ्यांदा आली होती. ती मातीची तपासनीस. उसाला बेसुमार पाणी पाजून वर आलेलं मीठ, जमिनीत छिद्रांच्या नळ्या पुरून ओढ्यात काढायचं, हे तिचं काम. सगळ्या शिवारानं संमती दिली होती. पण नळी ओढ्याला जायची वाट अण्णांच्याच रानातून. त्यांची सही नाही, तर कुणाचीच नळी नाही. आणि कागद उद्या सोमवारी जायचे होते.

"सही न्हाई," अण्णा म्हणाले. "जेवून जा."

रविवारी अण्णांना मिठाचा त्याग. पंधरा वर्षांचं व्रत. ताटाशेजारी आज चूळ भरायला घंगाळही मांडलेलं पाहून ब्राह्मीला नवल वाटलं.

अण्णांनी घास तोंडात घातला आणि लगेच घंगाळात टाकला.

"वरणात मीठ! गुणमाला, व्रत बुडवलंस!"

"भगवंताची आण, चिमूटभर घातलं न्हाई."

"मग चव कसली?"

"आवं, दहिवराची असंल. रोज नळाचं पाणी घेते, आज आपल्या रानातल्या विहिरीचं आणलं. दुहेरी फडक्यानं गाळलंय, पण मीठ काय फडक्यात ऱ्हात न्हाई."

ब्राह्मीनं ठसक्याचं सोंग करून ओढणी तोंडाशी धरली. गुणमालानं झाकलेलं दुसरं ताट पुढं सरकवलं. "हे नळाच्या पाण्याचं. चूळ भरा आन् जेवा."

अण्णा चूळ भरून जेवले. हात धुऊन म्हणाले, "कागद काढ. पण गावात सांगायचं, रामगोंडानं शेजाऱ्यांसाठी वाट दिली."

"तसंच सांगते, अण्णा."

दारात आल्यावर ब्राह्मी हळूच म्हणाली, "काकू, तुमच्या विहिरीचं पाणी मी मोजलंय. एवढं खारट नाही ते."

"न्हाईच. हंडाभर पाणी सकाळपासनं आटवत हुते, तवा तांब्याभर उरलं." गुणमाला डोळे मिचकावत म्हणाली. "मी घातलं काय न्हाई, बाई. नुसतं पाणी काढलं."

आतून अण्णांचा आवाज आला, "अगं, तिला इचार, नळी कवा टाकत्यात? आदी आपल्या रानात टाका म्हणावं!"